हातमोज्याचं बोट कापून एका विद्यार्थ्याने फुगा बनवला आणि असंख्य लोकांचे पाय कापायचे वाचले

रात्रीचं जेवण उरकून साठी ओलांडलेले आजोबा खुर्चीत बसलेत. अचानक उजव्या पोटरीत कळ येते. पाय खाली टेकवत नाही, इतकी. घरचे म्हणतात, गोळा आला असेल. कुणी म्हणतं नस चढली, कुणी वातावर ढकलून मोकळं होतं. बाम चोळला जातो, गरम पाण्याची पिशवी येते. तासाभरात पाऊल गार पडतं, पांढरं दिसायला लागतं, बोटांना मुंग्या येतात. शेवटी "सकाळी बघू" म्हणून दिवे मालवले जातात.

असं कुठल्याही घरात घडू शकतं. पण पाय जर धमनीत गुठळी अडकल्यामुळे दुखत असेल, तर ही सकाळ फार महाग पडते. रात्री जो पाय वाचला असता, तो सकाळी वाचेलच याची खात्री नसते.

चांगली गोष्ट अशी की आज हा पाय वाचवायला मांडीपासून घोट्यापर्यंत चिरफाड करावी लागेलच असं नाही. बऱ्याच वेळा जांघेत सुईएवढं भोक पाडून काम होतं. हे शक्य झालं त्यामागं एक हातमोजा, मासे पकडायचा छंद आणि पाय कापून घ्यायला ठाम नकार देणाऱ्या एका आजीबाई आहेत.

आधी समजून घेऊ, गुठळी कुठली?

पायात गुठळी झाली असं म्हटलं की बऱ्याच जणांना सुजलेला पाय आठवतो. ती गुठळी वेगळी. ती शिरेत होते. शिरा म्हणजे पायातलं रक्त परत हृदयाकडे नेणाऱ्या नळ्या. तिथं अडथळा आला की रक्त पायात साचतं, पाय सुजतो, जड होतो, गरम लागतो.

इथं विषय आहे धमनीचा. धमनी हृदयाकडून पायाकडे ताजं रक्त आणते. ती तुंबली की पायाला रक्तच मिळत नाही. त्यामुळं पाय सुजण्याऐवजी पांढराफटक आणि गार पडतो. एकात रक्त परत जात नाही, दुसऱ्यात पोचतच नाही. दोन्हीकडे डॉक्टर लागतो, पण धमनीच्या बाबतीत हातात असतात फक्त काही तास.

ही गुठळी मुख्यतः दोन प्रकारे तयार होते.

पहिला प्रकार म्हणजे वाहून आलेली गुठळी. बहुतेक वेळा ती हृदयातून येते. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त नीट ढवळलं जात नाही, ते साकळतं. हार्ट अटॅकनंतर हृदयाचा एखादा भाग नीट आकुंचन पावत नसेल तरी तेच होतं. लहानपणी संधिवाताच्या तापानं झडप आकसलेल्या रुग्णांमध्येही हा धोका असतो आणि भारतात असे रुग्ण बरेच आहेत. तिथून सुटलेली गुठळी रक्ताबरोबर खाली येते आणि धमनीला जिथं फाटे फुटतात तिथं अडकते. जांघ आणि गुडघ्याची मागची बाजू या तिच्या नेहमीच्या जागा.

दुसरा प्रकार म्हणजे जागेवरच बनलेली गुठळी. मधुमेह, तंबाखू, वाढलेलं कोलेस्टेरॉल यामुळं धमनी आतून वर्षानुवर्षं खरवडत आणि अरुंद होत जाते. अशा माणसाच्या पोटऱ्या थोडं चाललं की भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. मग एक दिवस त्या अरुंद जागेवर गुठळी धरते आणि उरलीसुरली वाटही बंद होते.

सहा तासांचं गणित

पायाची कातडी रक्ताविना थोडा जास्त वेळ तग धरते. मज्जातंतू आणि स्नायूंना मात्र दम निघत नाही. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर साधारण चार ते सहा तासांत त्यांचं नुकसान कायमचं व्हायला लागतं. अरुंद झालेल्या जुन्या धमनीभोवती शरीरानं आडवाटा तयार केलेल्या असतील तर थोडी जास्त सवड मिळते. पण ती किती, हे घरी बसून कुणाला सांगता येत नाही.

म्हणून डॉक्टर सहा गोष्टी बघतात. पाय दुखतोय का, पांढरा पडलाय का, गार आहे का, नाडी लागते का, मुंग्या किंवा बधिरपणा आहे का आणि बोटं हलतात का. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या. स्पर्श कळेनासा होणं आणि बोटं न हलणं म्हणजे पाय हातातून निसटायला लागलाय.

इथं एक फसवी गोष्ट होते. बधिरपणा वाढला की दुखणं कमी होतं. घरच्यांना वाटतं, चला, आराम पडला. प्रत्यक्षात मज्जातंतूंनी तक्रार करणं सोडून दिलेलं असतं. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना आधीच कमी असते, त्यामुळं त्यांना सुरुवातीची कळही म्हणावी तशी जाणवत नाही.

हातमोज्याचं बोट आणि गळाची गाठ

आता थोडं मागं जाऊ. १९५० च्या दशकात अशी गुठळी काढायची म्हणजे मोठं ऑपरेशन. धमनी जिथं जिथं तुंबलीय तिथं लांब चिरा द्यायच्या, धमनी उघडायची आणि चिमट्यानं किंवा खेचून गुठळी काढायची. तासन् तास चालणाऱ्या या ऑपरेशनमध्ये रुग्ण दगावायचे. जे वाचायचे त्यातल्या बऱ्याच जणांचा पाय नंतर कापावा लागायचा. कारण हृदय मुळातच अधू असलेल्या माणसाला एवढी मोठी चिरफाड सोसायची नाही.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात थॉमस फोगार्टी नावाचा मुलगा हे जवळून बघत होता. लहानपणीच वडील गेल्यामुळं तो शाळकरी वयातच एका हॉस्पिटलमध्ये पडेल ते काम करायला लागला होता. पुढं ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हाताखाली उभं राहायचं काम मिळालं. तिथले रक्तवाहिन्यांचे सर्जन जॅक क्रॅनली यांनी त्याला हाताशी धरलं आणि मेडिकलला जायला लावलं.

पोराला लहानपणापासून काहीतरी खटपट करायचा नाद. मेडिकलला असताना त्याच्या डोक्यात एक साधी कल्पना आली. गुठळी बाहेरून कापून काढण्यापेक्षा तिच्या आरपार एक बारीक नळी घालायची, पलीकडे गेल्यावर नळीच्या टोकाचा फुगा फुगवायचा आणि नळी मागं ओढायची. बाटलीत पडलेलं बूच मागून रेटून बाहेर काढावं, तशी गुठळी फुग्यापुढं सरकत बाहेर येईल.

लघवीसाठी वापरतात तसली एक बारीक नळी त्यानं घेतली. फुग्यासाठी सर्जनच्या रबरी हातमोज्याच्या बोटाचं टोक कापलं. पण रबर त्या नळीला चिकटवणारा गोंद काही मिळेना. इथं कामी आला मासेमारीचा छंद. गळाला लावायची नकली माशी बांधताना बारीक दोऱ्याची जी घट्ट गाठ मारतात, तीच वापरून त्यानं फुगा नळीवर बांधून टाकला.

१९६१ साली हे कॅथेटर पहिल्यांदा रुग्णावर वापरलं गेलं. सुरुवातीला ते बनवायला कंपन्या तयार होत नव्हत्या, म्हणून फोगार्टी स्वतःच हातानं बनवायचे. १९६९ साली पेटंट मिळालं. आज जगभरातल्या ऑपरेशन थिएटरमध्ये हे कॅथेटर 'फोगार्टी' याच नावानं मागितलं जातं. २०१४ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते फोगार्टी यांना तंत्रज्ञान क्षेत्रातलं राष्ट्रीय पदक मिळालं.

या पद्धतीत जांघेत काही सेंटिमीटरची एकच चीर पुरते. बऱ्याचदा पूर्ण भूलही द्यावी लागत नाही, तेवढा भाग बधिर करून काम होतं. हृदयातून वाहून आलेल्या ताज्या गुठळीसाठी आजही अनेक सर्जन पहिल्यांदा हाच मार्ग निवडतात.

पाय कापू न देणाऱ्या आजीबाई

दुसरी गोष्ट आहे अमेरिकेच्याच पोर्टलंड शहरातली. १६ जानेवारी १९६४ चा दिवस. ८२ वर्षांच्या एका आजींच्या पायाची बोटं काळी पडलेली, जखम भरत नव्हती. डॉक्टर म्हणत होते पाय कापा, आजी म्हणत होत्या जमणार नाही.

त्यांच्या मांडीतल्या धमनीत एक छोटी जागा अरुंद झाली होती. चार्ल्स डॉटर हे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे बघणारे डॉक्टर. त्यांनी कातडीतल्या छोट्या भोकातून धमनीत एक तार सारली, ती अरुंद जागेच्या पार नेली आणि तारेवरून एकापेक्षा एक जाड नळ्या घालत वाट रुंद केली. पाय गरम झाला आणि जखम भरत आली. आजी पुढं आयुष्यभर, म्हणजे आणखी दोन-अडीच वर्षं, स्वतःच्या दोन पायांवर चालल्या.

आजींचा अडथळा गुठळीपेक्षा धमनी अरुंद झाल्याचा होता. पण एक्स-रेच्या पडद्यावर बघत आतूनच धमनी दुरुस्त करता येते, हे त्या दिवशी सिद्ध झालं. १९७४ साली आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये याच कामासाठी टणक फुगा वापरला. त्यातूनच आज घराघरात माहीत असलेली अँजिओप्लास्टी आली. म्हणजे अँजिओप्लास्टी हृदयाच्या आधी पायावर झाली!

त्याच १९७४ साली डॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग मांडला. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज हे औषध सगळ्या शरीरात सोडण्याऐवजी नळीतून थेट गुठळीतच, थोड्या प्रमाणात सोडायचं. आजच्या उपचाराचा मोठा भाग याच कल्पनेवर उभा आहे.

आज नेमकं काय करतात?

रुग्ण पोचला की आधी नाडी बघतात, कलर डॉपलर सोनोग्राफी किंवा सीटी अँजिओग्राफी करून धमनी कुठं बंद आहे ते शोधतात. गुठळी आणखी वाढू नये म्हणून हेपारिनचं इंजेक्शन लगेच सुरू होतं. पाय किती धोक्यात आहे, गुठळी किती जुनी आहे आणि रुग्णाला आणखी कोणते आजार आहेत, यावर पुढची वाट ठरते.

भोकातून उपचार करायचे ठरले तर रुग्णाला कॅथलॅबमध्ये नेतात. जांघेतला भाग बधिर करतात. बऱ्याच वेळा चांगल्या पायाच्या बाजूनं सुई घालतात आणि पोटातल्या मोठ्या धमनीच्या फाट्यावरून वळसा घेऊन दुजऱ्या पायात उतरतात. आत घातलेली नळी साधारण दोन-अडीच मिलिमीटर जाडीची असते. तिच्यातून एक लवचीक तार गुठळीच्या पार जाते. तार पार गेली की अर्धी लढाई जिंकली.

त्यानंतर मुख्यतः तीन पर्याय असतात.

पहिला, औषधानं विरघळवणं. बाजूनं बारीक भोकं असलेली नळी गुठळीत ठेवून औषध थेंब थेंब सोडतात. याला बरेच तास लागतात, कधी एक दिवस, कधी त्याहून जास्त. तोवर रुग्ण अतिदक्षता विभागात असतो आणि मधूनमधून पुन्हा अँजिओग्राफी करून गुठळी किती विरली ते बघतात.

दुसरा, ओढून घेणं. रुंद तोंडाची नळी गुठळीला टेकवून पिचकारीनं किंवा पंपानं गुठळी शोषून घेतात. यात रक्त लवकर सुरू होतं, औषध कमी लागतं किंवा लागतही नाही.

तिसरा, फोडून काढणं. नळीच्या टोकाशी फिरणारी यंत्रणा किंवा सलाईनचा जोरदार फवारा गुठळीचे तुकडे करतो आणि तेच उपकरण तुकडे बाहेर ओढतं.

अनेकदा हे पर्याय एकत्र वापरतात. गुठळी निघाल्यावर खाली लपलेली अरुंद जागा दिसली तर तिथं फुगा फुगवतात, गरज पडली तर स्टेंट बसवतात. नाहीतर त्याच जागी पुन्हा गुठळी धरायला वेळ लागत नाही.

भोक लहान, मग धोकाही लहान?

सोशल मीडियावर "चिरा नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी" अशा जाहिराती दिसतात. हा विषय तेवढा सोपा नाही.

१९९८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 'टोपास' नावाच्या अभ्यासाचे निकाल छापून आले. पायाची धमनी बंद पडून १४ दिवसांच्या आत आलेल्या ५४४ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला नळीतून युरोकायनेज हे औषध, दुसऱ्या गटाचं ऑपरेशन. सहा महिन्यांनंतर पाय न कापता जिवंत असलेले रुग्ण औषधाच्या गटात ७१.८ टक्के होते आणि ऑपरेशनच्या गटात ७४.८ टक्के. म्हणजे जवळपास सारखेच. औषधाच्या गटात अनेकांचं मोठं ऑपरेशन टळलं. पण मोठा रक्तस्राव औषधाच्या गटात १२.५ टक्के रुग्णांना झाला, तर ऑपरेशनच्या गटात ५.५ टक्के रुग्णांना. औषध घेतलेल्यांपैकी चौघांना मेंदूत रक्तस्राव झाला.

त्यानंतर उपकरणं पुष्कळ सुधारली. तरी मूळ मुद्दा तोच आहे. गुठळी विरघळवणारं औषध फक्त वाईट गुठळी ओळखून विरघळवत नाही. नुकताच पक्षाघात झालेल्या, अलीकडे मोठं ऑपरेशन झालेल्या किंवा कुठून रक्तस्राव सुरू असलेल्या रुग्णाला ते देता येत नाही. पाय बधिर होऊन बोटं हलायची थांबली असतील तर औषध विरघळण्याची वाट बघत बसायला वेळच नसतो. अशा वेळी डॉक्टर "ऑपरेशन करावं लागेल" म्हणाले तर ते जुनाट पद्धत वापरतायत असा अर्थ होत नाही.

बिडी-तंबाखूमुळं तरुण वयात हातापायाच्या बारीक धमन्या बंद पडतात त्या बर्जर आजारात तर नळी घालून काढावी अशी मोठी गुठळी बऱ्याचदा नसतेच. तिथं तंबाखू पूर्ण सोडणं हाच मुख्य उपचार.

रक्त परत आलं तरी लढाई संपत नाही

उपाशी स्नायूला अचानक रक्त मिळालं की तो फुगतो. पोटरीचे स्नायू घट्ट आवरणात असतात, त्यांना फुगायला जागा नसते. आतला दाब वाढून नवीनच संकट उभं राहतं. तेव्हा पोटरीच्या आवरणाला लांब चिरा देऊन दाब मोकळा करावा लागतो. नातेवाइकांना वाटतं, भोकातून काम झालं म्हणाले आणि पाय का फाडला? पण ती चीर पाय वाचवण्यासाठीच असते.

मेलेल्या स्नायूंमधून पोटॅशियम आणि इतर घातक पदार्थ रक्तात मिसळतात. त्यानं किडनी बंद पडू शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणूनच फार उशिरा, पाय पूर्ण निर्जीव झाल्यावर आलेल्या रुग्णाची धमनी उघडायला डॉक्टर नकार देतात. तेव्हा जीव वाचवण्यासाठी पाय कापावा लागतो. उशिराची किंमत इथं मोजावी लागते.

घरच्यांनी काय करायचं?

दोन्ही पाय शेजारी ठेवून हात लावून बघायचं. एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गार आणि फिका आहे का? बोटाचं नख दाबून सोडलं की गुलाबी रंग दोन-तीन सेकंदांत परत येतो का? पावलाच्या वरच्या बाजूला किंवा आतल्या घोट्यामागं नाडी लागते का? नाडी शोधणं सवय नसलेल्याला अवघड जातं, पण गार आणि पांढरा पाय कुणालाही ओळखता येतो.

शंका आली तर मालिश नाही, शेक नाही. बधिर पायाला चटका बसलेला कळत नाही आणि उष्णतेनं रक्ताची गरज उलट वाढते. पाय उशीवर चढवायचा नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. ऑपरेशन लागू शकतं म्हणून चहा-नाश्त्याचा आग्रहही नको.

१०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीनं निघायचं. शक्य असेल तर निघतानाच फोन करून रक्तवाहिन्यांचे सर्जन किंवा कॅथलॅब कुठं आहे ते विचारायचं, म्हणजे एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यात तास जात नाहीत. जवळच्या दवाखान्यात थांबावं लागलंच तर दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं ते आधी सांगायचं. जुने ईसीजी, इको, झडपेच्या ऑपरेशनचे कागद, चालू गोळ्या, सगळं पिशवीत घालून न्यायचं. सरकारी योजनेत उपचार बसतो का, हे योजनेत असलेल्या हॉस्पिटलमधले आरोग्यमित्र सांगतात.

पाय वाचल्यावरचं पथ्यही तेवढंच महत्त्वाचं. गुठळी हृदयातून आली असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बरीच वर्षं, कधी आयुष्यभर घ्याव्या लागतात. "आता बरं वाटतंय" म्हणून त्या मनानं बंद केल्या तर पुढची गुठळी पायातच जाईल असं नाही, ती मेंदूतही जाऊ शकते. जागेवर बनलेली गुठळी असेल तर साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा हिशेब लावावाच लागतो.

फोगार्टींच्या फुग्यापासून आजच्या शोषून घेणाऱ्या पंपापर्यंत साठ वर्षांत अवजारं पार बदलली. पाय रक्ताविना किती तास जगतो, ते गणित मात्र होतं तिथंच आहे. त्यामुळं पुढच्या वेळी घरात कुणी "नस चढली असेल" म्हणालं, तर बामची डबी उघडण्याआधी दोन्ही पायांना एकदा हात लावून बघा. एक पाय गार लागला तर सकाळ होण्याची वाट बघू नका.